पेटीत शिरलेला वारा गाडीपर्यंत पोचताना सरळ का झाला: तिरक्या वाऱ्याच्या सिम्युलेशनचं एक प्रकरण

गेल्या पावसाळ्यात महापेच्या आमच्या छोट्या ऑफिसात एक काम आलं. एक इलेक्ट्रिक गाडी, लांबी ३.८ मीटर, रुंदी १.७ मीटर, अंगाने उंच आणि वजनाने हलकी. सरळ समोरून येणाऱ्या वाऱ्यातली तिची सीएफडी, म्हणजे हवेच्या प्रवाहाचं संगणकावरचं सिम्युलेशन, आम्ही आधीच करून दिली होती. आता क्लायंटला आडव्या वाऱ्यात गाडीवर बाजूने येणारा जोर आणि तिचं नाक वळवणारा मोमेंट हवा होता. मेलमध्ये मागणी एका ओळीची होती: वेग ताशी १०० किलोमीटर, यॉ अँगल, म्हणजे हवा गाडीच्या अक्षाशी जो कोन करून येते तो, १० अंश.

फोन करून विचारलं तेव्हा कळलं, डोळ्यांपुढे अटल सेतू आहे. १२ जानेवारी २०२४ ला उद्घाटन झालेला हा पूल २१.८ किलोमीटरचा, त्यातला सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रावर, आणि चारचाकीला वेगमर्यादा ताशी १०० ची. पावसाळ्यात तिथून रोज ये-जा करणाऱ्याला स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट का धरायचं हे वेगळं सांगावं लागत नाही. उंच आणि हलक्या गाडीचं तिथे काय होईल, हा क्लायंटचा प्रश्न अगदी रास्त होता.

केस, म्हणजे सिम्युलेशनची मांडणी, लावायचं काम मी आमच्याकडच्या एका नव्या मुलाला दिलं. कळव्याहून येतो, कामाला चोख आहे. त्याने सरळ वाऱ्याची चालती केस कॉपी केली, वेगाच्या जागी (२७.७८, ०, ०) होतं ते काढून (२७.३६, ४.८२, ०) घातलं आणि संध्याकाळी निघताना रन लावला. २७.७८ मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी १००; त्याला दहा अंशाच्या कोसाइन-साइनने गुणलं की हे दोन घटक मिळतात. गणितात चूक नव्हती.

सकाळी मी पोचले तेव्हा तो माझीच वाट पाहत होता.

"मॅडम, झालं. एकदम स्मूथ कन्व्हर्ज झालं. सरळ वाऱ्यापेक्षाही रेसिड्युअल खाली गेलेत."

रेसिड्युअल म्हणजे समीकरणांत उरलेली चूक; ती खाली जाऊन स्थिरावली की रन कन्व्हर्ज झाला म्हणतात. आकडे पाहिले. बाजूच्या जोराचा गुणांक, म्हणजे जोराला हवेच्या डायनॅमिक प्रेशरने (अर्धी घनता गुणिले वेगाचा वर्ग) आणि गाडीच्या क्षेत्रफळाने भागून येणारा आकडा, ०.०३४. गाडीचं पुढून दिसणारं क्षेत्रफळ २.१ चौरस मीटर आणि क्लायंटने दिलेली हवेची घनता १.२ धरली तर हा जोर ३३ न्यूटन होतो, म्हणजे जेमतेम साडेतीन किलोचं वजन. पुलावर स्टिअरिंग घट्ट धरायला लावणारा वारा गाडीला साडेतीन किलोने ढकलतो, हे मनाला पटेना. अशा उभट गाड्यांची आधी जी कामं केली होती त्यांत कोन एक अंशाने वाढला की हा गुणांक साधारण ०.०३ ते ०.०४ ने वाढताना पाहिला होता. दहा अंशाला तो ०.३ च्या वर हवा. इथे आलेला आकडा जणू एकाच अंशाचा होता.

"अरे, कोन नक्की दहाच दिलायस ना?"

त्याने फाईल उघडून दाखवली. इनलेटवर, म्हणजे हवा जिथून आत सोडतो तिथे, दहाच अंश होते.

पेटीतून गाडी काढली

अशा वेळी नव्या माणसाचा हात आधी मेशकडे, म्हणजे हवेची जागा ज्या लहान घरांत (सेलमध्ये) कापतात त्या जाळीकडे, जातो. गाडीच्या अंगालगतचे थर बारीक करावेत का, टर्ब्युलन्स मॉडेल बदलावं का, असं त्याचं सुरू झालं. मी त्याला थांबवलं. दहापट फरक मेशमुळे सहसा येत नाही. दहापट फरक आला की केसमध्ये आपण जे मांडलंय असं समजतोय ते मुळात मांडलेलंच नाही, असं धरून चालावं.

मी सांगितलं, "गाडी काढून टाक. नुसती पेटी चालव."

पेटी म्हणजे गाडीभोवतीची हवेची चौकोनी जागा, हिशोब तेवढ्यातच होतो. रिकाम्या पेटीला मेश जाडीभरडी चालते, दहा मिनिटांत रन उरकतो. आमची पेटी गाडीच्या नाकापुढे २० मीटर, मागे ४० मीटर, रुंदीला २४ मीटर आणि उंचीला १२ मीटर होती. पेटीच्या मध्यरेषेवर, जमिनीपासून पाऊण मीटर उंचीवर ठरावीक अंतराने प्रोब, म्हणजे मोजमापाचे बिंदू, ठेवले आणि प्रत्येक ठिकाणी वाऱ्याचा कोन काढला. इनलेटपाशी १० अंश. ५ मीटर आत आल्यावर ६. दहा मीटरवर ३.४. आणि जिथे गाडीचं नाक असायला हवं तिथे, म्हणजे २० मीटरवर, ०.९.

त्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. म्हणजे आम्ही रात्रभर गाडीवर एका अंशाचा वारा सोडत होतो, आणि सिम्युलेशनने एका अंशाचं उत्तर अगदी बरोबर काढून दिलं होतं.

मग दाबाचं चित्र लावलं. इनलेटपासून थोड्याच अंतरावर, वारा ज्या भिंतीकडे जायला बघतोय तिथे लाल पट्टा, आणि समोरच्या भिंतीवर निळा. रिकाम्या पेटीत दाबाला वरखाली व्हायचं काही कारणच नसतं. जिथे काही नाही तिथे रंग दिसला, की तो रंग आपण दिलेल्या सीमेच्या अटींनीच आणलेला असतो.

दोष बाजूच्या भिंतींचा होता. त्या 'स्लिप' होत्या. स्लिप म्हणजे भिंतीला घर्षण नाही, हवा तिच्यालगत सरकू शकते, पण तिच्यातून आरपार जाऊ शकत नाही. समोरून येणाऱ्या वाऱ्याला ही अट चालते, कारण त्याला आरपार जायचंच नसतं. दहा अंशाच्या वाऱ्याला मात्र जायचं असतं.

माझं बालपण ठाण्याला जुन्या चाळीत गेलं. कौलांचं पाणी पत्र्याच्या पन्हळीत पडायचं. कौलावरून ते तिरकंच यायचं, पन्हळीच्या पलीकडच्या कडेवर आपटायचं, तिथे थोडं उसळायचं, आणि हातभर पुढे गेलं की पन्हळीच्या दिशेने सरळ धावायला लागायचं. ते कुठल्या कोनात आत पडलं होतं याची पुढे खूणही उरत नसे. आमच्या पेटीतल्या वाऱ्याचं हेच झालं होतं. लाल पट्टा ही त्याची आपटण्याची जागा.

हे नुसतं उदाहरण नाही, याला हिशोब आहे. दोन घन भिंतींमध्ये आडवा वेग घातांकी पद्धतीने विरत जातो, आणि विरण्याचं माप पेटीची रुंदी भागिले पाय (π) इतकं असतं. म्हणजे पेटीच्या रुंदीइतकं अंतर पुढे गेलं की आडवा वेग सुमारे तेविसाव्या हिश्शावर येतो. आमची रुंदी २४ मीटर आणि अंतर २० मीटर. मध्यरेषेवर लागणारा ४ भागिले π हा सुरुवातीचा गुणक धरला, तर हिशोबाने आडवा वेग ४.८२ वरून ०.४५ मीटर प्रति सेकंदावर यायला हवा होता, आणि तिथेच तो आला होता. यातून आणखी एक गोष्ट निघते. "इनलेट गाडीपासून लांब ठेवा म्हणजे उत्तर सुधारतं" हा सरळ वाऱ्यातला चांगला सल्ला इथे उलटा पडतो. स्लिप भिंती ठेवून इनलेट जितका लांब नेऊ, तितका गाडीपर्यंत पोचणारा वारा सरळ होईल.

चूक आली कुठून

आमची मूळ केस ओपनफोम या सीएफडीच्या सॉफ्टवेअरमधल्या मोटरसायकलच्या प्रसिद्ध उदाहरणावरून उभी राहिली होती. ज्याने ओपनफोम हातात घेतलंय त्याने ते उदाहरण एकदा तरी चालवलेलं असतं. त्यात बाजूच्या भिंती आणि छत स्लिप आहेत, वेग एका ठिकाणी लिहिला आहे, आणि जमिनीचा वेग त्याच आकड्यावरून उचलला जातो. सरळ वाऱ्यासाठी ही मांडणी योग्यच आहे: हवा आणि रस्ता दोन्ही गाडीच्या मागे एकाच वेगाने जातात, म्हणून जमिनीवर खोटा बाउंडरी लेयर (पृष्ठभागाला घासून मंदावलेल्या हवेचा थर) साचत नाही. उदाहरणाचा यात काही दोष नाही. ते ज्या प्रश्नासाठी बनलं होतं तो प्रश्न आम्ही बदलला आणि मांडणी तशीच ठेवली.

आणि वरच्या वाक्यात दुसरी चूक दडलेली आहे, जी त्या सकाळी माझ्याही नजरेतून निसटली. जमिनीचा वेग वाऱ्याच्या आकड्यावरून उचलला जात होता. म्हणजे वेग (२७.३६, ४.८२, ०) केल्याबरोबर आमचा रस्तासुद्धा वाऱ्याबरोबर बाजूला सरकायला लागला होता. अटल सेतू सेकंदाला पावणेपाच मीटरने आडवा वाहतोय, असं आम्ही संगणकाला सांगितलं होतं.

ही चूक पहिलीपेक्षा वाईट, कारण ती रिकाम्या पेटीतही दिसत नाही. उलट जमीन हवेबरोबर सरकली की रिकामी पेटी जास्तच स्वच्छ दिसते, सगळीकडे एकसारखा रंग. ती पकडायची तर कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागतं, आणि मी त्या मुलाला घेऊन तशी बसले.

रस्त्यावर उभं राहून पाहा. गाडी २७.७८ ने पुढे जाते, वारा तिच्याशी काटकोनात ४.९० ने वाहतो, रस्ता जागच्या जागी. आता गाडीत जाऊन बसा. रस्ता २७.७८ ने मागे पळतो, नेमका गाडीच्या अक्षाच्या दिशेने. हवा मागे २७.७८ आणि बाजूला ४.९० अशी वाहते. म्हणजे जमिनीला द्यायचा वेग (२७.७८, ०, ०), आणि हवेला (२७.७८, ४.९०, ०). रस्त्याला वाऱ्याशी काही देणंघेणं नाही. त्याचा वेग फक्त गाडीवर अवलंबून असतो. चाकांचंही तेच. चाकांचा फिरण्याचा वेग गाडीच्या वेगाला चाकाच्या त्रिज्येने भागून काढायचा, वाऱ्याच्या एकूण वेगाला नाही. त्रिज्या ०.२९ मीटर, म्हणून ९५.८ रेडियन प्रति सेकंद, वारा कुठूनही आला तरी.

अशी मांडणी केली की जमिनीलगत आडव्या वाऱ्याचा पातळ बाउंडरी लेयर तयार होतो. मुलाने विचारलं, "मॅडम, पण हा लेयर टाळायलाच तर आपण जमीन हलती ठेवतो ना?" प्रश्न चांगला होता. सरळ वाऱ्यात तो लेयर खोटा असतो, कारण स्थिर हवेतून गाडी जाते तेव्हा रस्ता आणि हवा यांच्यात घर्षण होतच नाही. आडव्या वाऱ्यात मात्र हवा रस्त्यावरून खरंच वाहत असते. तिथला लेयर खरा आहे, त्याला राहू द्यायचं.

इथे वाचकाच्या लक्षात आलं असेल की ४.८२ चे ४.९० झाले. "वेग १०० आणि कोन १० अंश" याचे दोन अर्थ होतात. विंड टनेलमध्ये हवेचा एकूण वेग १०० ठेवून गाडी टर्नटेबलवर दहा अंशात फिरवतात. तेव्हा घटक २७.३६ आणि ४.८२. रस्त्यावर गाडीचा वेग १०० असतो आणि वारा वरून भर घालतो, तेव्हा २७.७८ आणि ४.९०, एकूण २८.२१. दहा अंशाला दोघांच्या डायनॅमिक प्रेशरमध्ये ३ टक्क्यांचा फरक पडतो, वीस अंशाला १३ टक्क्यांचा. क्लायंटला मेल केला, "१०० कोणाचे, गाडीचे की हवेचे?" उत्तर आलं, गाडीचे. हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता.

भिंती कशा बदलल्या

आता बाजूच्या भिंतींचं काय करायचं? रस्ते तीन होते.

गाडीच दहा अंशात फिरवावी आणि पेटी, वारा, स्लिप भिंती सगळं सरळ ठेवावं, हा सगळ्यात निर्धोक मार्ग. भिंती वाऱ्याला समांतरच राहतात, त्यामुळे भांडण नाही. पण मग जमिनीचा वेग गाडीच्या नव्या अक्षाकडे फिरवावा लागतो, चारही चाकांचे अक्ष फिरवावे लागतात, आणि प्रत्येक कोनाला नवी मेश. क्लायंटला ० ते २० अंशांपर्यंत पाच कोन हवे होते. पाच वेळा पावणेदोन कोटी सेलची मेश करायची आणि पाचही वेळा ती सारखीच चांगली निघाली अशी आशा धरायची, याला मी तयार नव्हते. कोन बदलल्याने आलेला फरक आणि मेश बदलल्याने आलेला फरक वेगळे काढता येत नाहीत.

दुसरा मार्ग म्हणजे बाजूच्या दोन भिंतींची सायक्लिक जोडी करणं: डाव्या भिंतीतून जे बाहेर जाईल ते उजवीतून आत येईल. रिकाम्या पेटीत हे छान चालतं. पण गाडी ठेवली की तिच्यामागचा विस्कटलेला वारा, म्हणजे वेक, एका बाजूने बाहेर पडून दुसऱ्या बाजूने परत पेटीत येतो. एकाच गाडीऐवजी शेजारी शेजारी गाड्यांची न संपणारी रांग लावल्यासारखं होतं.

तिसरा मार्ग आम्ही घेतला. गाडी आणि मेश जागेवर, फक्त वाऱ्याचा बाण फिरवायचा, आणि बाजूच्या भिंती उघड्या करायच्या. वारा ज्या बाजूने येतो तिथे वेग द्यायचा, ज्या बाजूने जातो तिथे दाब. पहिल्या प्रयत्नात मुलाने हेच हाताने लावलं: पुढची आणि उजवी बाजू इनलेट, मागची आणि डावी बाजू शून्य दाबाची आउटलेट. रिकाम्या पेटीत १० अंश आत गेले आणि गाडीच्या जागी १० अंशच निघाले. दाबाच्या चित्रात रंग उरला नाही.

गाडी ठेवल्यावर मात्र एक खोडी दिसली. डाव्या बाजूने बाहेर जाणाऱ्या हवेचा भिंतीशी काटकोनातला वेग फक्त ४.९ असतो, समांतर वेग २७.८. इतक्या उथळ कोनात बाहेर पडणारी हवा सहज डळमळते. गाडीपासून बारा मीटरवरच दाब शून्यावर खिळवला की गाडीभोवतीच्या दाबाच्या क्षेत्राला तिथे जबरदस्तीने वाकावं लागतं, आणि एखाद्या तुकड्यात हवा उलटी आत येते. आत येणाऱ्या हवेला जुन्या केसमध्ये शून्य वेग लिहिलेला होता. म्हणजे आमच्या डाव्या भिंतीतून मधूनमधून निपचित हवेचे गोळे आत येत होते.

म्हणून शेवटी चारही उभ्या बाजूंना आम्ही फ्रीस्ट्रीम प्रकारची अट लावली. तिच्यात आपण फक्त दूरचा वेग आणि दूरचा दाब सांगतो. भिंतीच्या कुठल्या तुकड्यातून हवा आत येतेय आणि कुठून बाहेर जातेय हे पाहून ती स्वतः वेग लावायचा की दाब ते ठरवते. उलट आलेल्या हवेलाही वाऱ्याचाच वेग मिळतो. कोन बदलायचा तर एकच ओळ बदलायची, उणे दहा करायचे तरी भिंतींची नावं बदलावी लागत नाहीत. छत मात्र स्लिपच ठेवलं, कारण वाऱ्याला उभा घटक नाही आणि तिथे त्याची अडवणूक होत नाही.

पेटीचा आकारही बदलावा लागला. हे आधी सुचत नाही, पण वेक वाऱ्यामागे जातो, पेटीच्या अक्षामागे नाही. दहा अंशाला ४० मीटर मागे तो ७ मीटर बाजूला सरकलेला असतो. वीस अंशाला साडेचौदा मीटर, म्हणजे बारा मीटरवरच्या डाव्या भिंतीतून तो ३३ मीटरवरच बाहेर पडतो, मागच्या आउटलेटपर्यंत पोचतच नाही. आम्ही पेटी दोन्ही अंगांनी २५ मीटरपर्यंत रुंद केली. गाडीमागे बारीक मेशचा जो ठोकळा होता तोही सरळच होता. वेक त्याच्या कडेने बाहेर निसटत होता. तो ठोकळा पंख्यासारखा दोन्हीकडे पसरवला, जेणेकरून पाचही कोनांना, आणि उणे कोनांनाही, एकच मेश पुरावी. सेलची संख्या वाढली, रात्रीऐवजी रनला दीड दिवस लागायला लागला. त्याला इलाज नव्हता.

खात्री करून घेतली कशी

गाडीवर परत जायच्या आधी मी एक अट घातली: एकच प्रश्न दोन वेगळ्या मांडण्यांनी सोडव, उत्तर एकच यायला हवं. यासाठी अहमद बॉडी घेतली. १९८४ मध्ये अहमद, राम आणि फाल्टिन यांनी मांडलेला हा साधा ठोकळा, १०४४ मिलिमीटर लांब, ३८९ रुंद, २८८ उंच, पुढून गोलसर आणि मागून तिरका कापलेला. गाड्यांची सीएफडी शिकणारा प्रत्येक जण याच्या हाताखालून जातो. एकदा तो ठोकळा दहा अंशात फिरवून सरळ पेटीत ठेवला, एकदा तो सरळ ठेवून वारा फिरवला. जमिनीचा वेग दोन्ही वेळा ठोकळ्याच्या अक्षाच्या दिशेने. बाजूचा जोर दोन्हीकडे एक टक्क्याच्या आत जुळला. मग गाडीवर अधिक दहा आणि उणे दहा असे दोन रन घेतले. बाजूच्या जोराचं चिन्ह उलटलं, आकडा जागेवर राहिला. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

गाडीचा खरा आकडा आला ०.३७. जोर ३७० न्यूटन, सुमारे ३८ किलोच्या वजनाइतका. पहिल्या रनच्या अकरापट. जमीन आडवी सरकत ठेवून एक रन मुद्दाम घेतला होता, कारण त्या चुकीचं मोल मला पाहायचं होतं. बाजूचा जोर थोडाच हलला, पण गाडीखालून जाणारी हवा वेगळी वागली आणि सगळ्यात जास्त फरक लिफ्टमध्ये, म्हणजे गाडीला वर उचलणाऱ्या जोरात, पडला. गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर वर असतं. रस्ता काय करतोय हे आधी तिथेच कळतं.

एवढं होऊनही अहवाल पाठवल्यावर क्लायंटचा फोन आला. "सरळ वाऱ्यात ड्रॅग ०.३१ होता, दहा अंशात एकदम ०.३९?" हा गोंधळ मात्र सीमेच्या अटींचा नव्हता, अक्षांचा होता. मुलाने ड्रॅगची, म्हणजे मागे ओढणाऱ्या जोराची, दिशा वाऱ्याच्या बाणाबरोबर फिरवली होती. विमानाच्या कामात तसंच करतात. पण गाडीच्या मोटरला जो जोर ओढावा लागतो तो गाडीच्या अक्षावरचा. गाडीच्या अक्षावर आमचा आकडा ०.३३ होता, वाऱ्याच्या अक्षावर मोजताना त्यात बाजूच्या जोराचा एक हिस्सा, ०.३७ गुणिले साइन १०, मिसळतो आणि ते ०.३९ दिसतात. दोन्ही आकडे खरे, पण एकमेकांशेजारी ठेवायचे नाहीत. आता आमच्या तक्त्यात प्रत्येक गुणांकापुढे अक्ष लिहिलेला असतो, आणि भागायला कुठला वेग व कुठलं क्षेत्रफळ घेतलं तेही. क्षेत्रफळ कुठल्याही कोनाला समोरून दिसणारंच, २.१.

पुलावरचा खरा वारा

काटकोनातला वारा ही सोय आहे. पूल शिवडीहून चिर्ल्याकडे येताना पूर्वेकडे आणि जरासा दक्षिणेकडे जातो. पावसाळ्यातला पश्चिम-नैऋत्येचा वारा त्याला तिरका लागतो. क्लायंटने पुढच्या टप्प्यात १० मीटर प्रति सेकंदाचा वारा पुलाशी ४५ अंशात धरायला सांगितला. असा वारा लांबीला ७.०७ आणि आडवा ७.०७.

शिवडीकडे जाताना तो समोरून येतो: हवा (३४.८५, ७.०७), कोन ११.५ अंश. नवी मुंबईकडे येताना तोच वारा मागून ढकलतो: हवा (२०.७१, ७.०७), कोन १८.८ अंश. एकच पूल, एकच वारा, गाडीचा वेगही तोच, आणि दोन वेगळ्या केस. कोन पाहून वाटतं की येतानाची बाजू जास्त धोक्याची. पण लहान कोनांत बाजूचा जोर साधारणपणे एकूण वेग गुणिले आडवा वेग असा वाढतो, आणि जातानाचा एकूण वेग ३५.६ आहे, येतानाचा २१.९. म्हणून शिवडीकडे जाताना कोन लहान असूनही जोर दीडपटीहून जास्त.

जमिनीचं सूत्र किती पक्कं हेही इथे दिसतं. जाताना हवा ३४.८५ ने मागे येते, येताना २०.७१ ने. रस्ता दोन्ही वेळा २७.७८ नेच. मुलाने या दोन केस लावल्या तेव्हा जमिनीची ओळ त्याने आपणहून वेगळी लिहिली होती. मला सांगावं लागलं नाही.

यात वाऱ्याची उंचीही येते. हवामान केंद्रं वारा दहा मीटर उंचीवर मोजतात आणि गाडी दीड मीटरची. पृष्ठभागाजवळ वारा मंद असतो, त्यामुळे गाडीच्या दाराखालच्या कडेपाशी कोन लहान आणि छतापाशी मोठा, असा वाराच पिळलेला येतो. इनलेटवर उंचीनुसार बदलणारा आडवा वेग देऊन ते मांडता येतं. गाडीच्या वेगाचा घटक मात्र सगळ्या उंचीवर सारखाच ठेवायचा. प्रोफाइल पूर्ण हवेला लावला तर गाडीचा स्वतःचा वेगही जमिनीजवळ कमी होतो, आणि ते चूक. तुलनेसाठी क्लायंटने एकसारखा वाराच मागितला आणि तो आम्ही दिला, पण पिळलेल्या वाऱ्याचा एक रन सोबत जोडला.

सध्या काम अडलंय ते झोतावर. पुलाच्या काही भागात कडेला उंच आडोसा आहे. तो संपतो तिथे आडवा वारा गाडीला एकदम भेटतो, आधी नाकाला, मग शेपटीला. ताशी १०० च्या वेगात ३.८ मीटरची गाडी ती रेषा ०.१४ सेकंदात ओलांडते, आणि तेवढ्या वेळात वारा फक्त नाकावर असताना मोमेंट किती चढतो हे पाहायचं आहे. स्थिर सीमेच्या अटी इथे पुरत नाहीत. गाडीत बसून पाहिलं तर आडोशाचं टोकच २७.७८ ने मागे पळतं, म्हणून इनलेटवरचा आडवा वेग वेळेनुसार चढवावा लागतो आणि बाजूच्या भिंतींवर तोच वेग जागा आणि वेळ दोन्हींप्रमाणे सरकवत न्यावा लागतो. भिंतींनी हे एका सुरात केलं नाही तर पन्हळीसारखंच होणार. त्या मुलाने काल संध्याकाळी रिकाम्या पेटीत पहिला रन लावलाय. प्रोब या वेळी त्याने मध्यरेषेवरच नाही, दोन्ही भिंतींलगतही ठेवलेत.